‘रिफ्लेक्शन’ : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ व उपयोग

ह्या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहून द्यावे अशी मंडळींची सूचना आली, तेव्हा अनेक मोठमोठे विषय आमच्या मनात येऊन गेले. परंतु शिक्षकाने आपल्या वर्गातलेच काही द्यावे, आणि ते घरी मुलांबरोबर बसून वाचता यावे, असा विचार करून आम्ही एकच इंग्रजी शब्द निवडला. तो शब्द म्हणजे ‘रिफ्लेक्शन’. एका शब्दासाठी इतकी पाने कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर म्हणून आमच्याच हातून झालेली एक चूक आधी सांगितली पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच बी. एड. होऊन एका खेड्यातील शाळेत नोकरीस लागलो होतो. तेथे एक वयस्क गुरुजी होते. गणित शिकवीत. बावीस वर्षे त्यांनी त्याच शाळेत काढली होती. ऐन वर्षाच्या मध्यात त्यांची बदली दुसऱ्या गावी झाल्याचे पत्र आले. पत्र इंग्रजीत होते आणि शिक्षकांत इंग्रजी घेऊन पदवीधर झालेले आम्ही एकटेच, म्हणून ते वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले. त्यात शेवटी एक ओळ होती : ‘धिस ट्रान्सफर इज नो रिफ्लेक्शन ऑन हिज वर्क.’

आमच्या खिशात एक लहान कोश असे. त्यात ह्या शब्दापुढे दोनच अर्थ दिलेले होते : ‘प्रतिबिंब’ आणि ‘विचार’. पहिला येथे बसेना, म्हणून दुसरा घेतला आणि सर्वांच्या देखत मराठीत सांगितले, “ही बदली करताना त्यांच्या कामाचा काही विचार केलेला नाही.”

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बावीस वर्षांच्या कामाचा विचार करावा असे कोणाला वाटले नाही, तर राहू द्या.” निरोपाचा समारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. खुंटीवरची छत्री घेतली, डबा पिशवीत टाकला आणि निघून गेले.

आम्ही सांगितलेला अर्थ चुकीचा होता. खरा अर्थ काय, तो ओघाने येईलच.

शब्दाची घडण

हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. त्यातील ‘रि’ म्हणजे मागे, परत. आणि पुढचा भाग ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वाकणे किंवा वळणे. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ ‘मागे वळणे’ एवढाच. सहज वाकणाऱ्या वस्तूला इंग्रजीत ‘फ्लेक्सिबल’ म्हणतात, तो शब्द ह्याच घरातला. गुडघ्याखाली हलकेच ठोकले असता पाय आपोआप उडतो, त्या प्रतिक्षिप्त क्रियेला ‘रिफ्लेक्स’ म्हणतात, तोही ह्याच घरातला. व्याकरणात ज्याला आपण आत्मवाचक सर्वनाम म्हणतो, म्हणजे ‘स्वतः’सारखे सर्वनाम, त्याला इंग्रजीत ‘रिफ्लेक्सिव्ह’ म्हणतात. कारण तेथे क्रिया कर्त्याकडेच परत वळते. पूर्वी इंग्लंडात आमचा शब्द ‘एक्स’ अक्षर घालूनही लिहीत, त्यामुळे ही नाती अधिक उघड दिसत असत.

मागे वळणे हा एवढा धागा हातात धरला की पुढचे सर्व अर्थ त्यावर ओवता येतात. जे मागे वळते ते कधी प्रकाश असते, कधी आवाज, कधी आपले मन, तर कधी दोष.

शास्त्रातील परावर्तन

विज्ञानात ह्या शब्दाला मराठीत एकच शब्द आहे : परावर्तन. तोही ‘मागे वळणे’ ह्याच अर्थाचा असल्यामुळे जोड अगदी चपखल बसली आहे. प्रकाशाचा किरण आरशावर ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो, हा नियम आठवीनववीच्या मुलांना पाठ असतो. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठावरूनच परावर्तन होते असे नव्हे. भिंत, कागद, शेतातील ढेकूळ, सर्वांवरूनच होते. पृष्ठ खडबडीत असले की किरण नाना दिशांना विखुरतात, त्याला अनियमित परावर्तन म्हणतात. ह्या क्षणी वाचकांना हे पान दिसते आहे ते त्याच्याच योगाने.

चंद्राचा प्रकाश हे तर परावर्तनाचे रोजचे उदाहरण. चंद्रावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी शेकडा सुमारे १२ भागच परत फिरतो, आणि सुमारे ३,८४,००० किलोमीटरचे अंतर तोडून सव्वा सेकंदाच्या आसपास आपल्यापर्यंत पोहोचतो. तेवढ्यावर सुगीच्या दिवसांत रात्री खळ्यावर काम करणारी पिढी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे.

आवाजाच्या बाबतीतही इंग्रजीत हाच शब्द योजतात. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज कानाला वेगळे कळण्यास त्यांत निदान एक दशांश सेकंदाचे अंतर लागते. म्हणून प्रतिध्वनी ऐकू येण्यास समोरची भिंत किंवा कडा कमीत कमी १७ मीटर दूर हवा. विजापूरला, ज्याचे अधिकृत नाव २०१४ पासून विजयपूर झाले, गोलघुमट पाहावयास गेलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. मुहम्मद आदिलशहाची ती कबर. तो १६५६ साली वारला. घुमटाच्या आतल्या सज्जात एका बाजूला भिंतीशी पुटपुटलेला शब्द पलीकडच्या बाजूला कान लावणाऱ्याला ऐकू येतो, आणि एक टाळी वाजविली तर ती अनेकदा परत येते. सहलीला नेलेली मुले तेथे जी आरडाओरड करतात ती आम्ही बंद करीत नाही. ‘रिफ्लेक्शन ऑफ साउंड’ हा धडा ती तेथे आपणच शिकत असतात.

गणितात हाच शब्द आकृती उलटविण्यासाठी येतो. आलेखकागदावर (३, २) हा बिंदू क्ष-अक्षाच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर नेला की तो (३, −२) होतो. अक्ष हाच जणू आरसा. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला तिचे इंग्रजी नाव उलट्या अक्षरांत लिहिलेले असते, त्याचे कारण मुले नेहमी विचारतात. पुढे चाललेल्या वाहनाचा चालक ते आपल्या आरशात पाहतो, आणि आरशात ते सुलट दिसते.

पाण्यातील रूप

परत फिरण्याच्या क्रियेला आणि तिच्यामुळे दिसणाऱ्या रूपाला इंग्रजी एकच शब्द वापरते. मराठी मात्र दोन वापरते. क्रिया ती परावर्तन, रूप ते प्रतिबिंब. ‘द रिफ्लेक्शन ऑफ द हिल इन द वॉटर’ ह्याचे भाषांतर ‘पाण्यातील टेकडीचे परावर्तन’ असे कोणी केले तर ते चूक म्हणावे लागेल. तेथे ‘प्रतिबिंब’च हवे.

बेळगुंदीच्या मुलांना ह्यासाठी पुस्तकातले चित्र लागत नाही. पाऊस उघडल्यावर राकसकोपच्या जलाशयावर जावे. बेळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरविणारा मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय सकाळी वारा नसताना इतका स्थिर असतो की सभोवतीचा डोंगर पायथ्याशी चिकटून उलटा उभा दिसतो. भातरोपांच्या लावणीच्या आधी चिखल करून पाणी बांधलेल्या खाचरातही आभाळ असेच उतरलेले असते. एखाद्याने त्यात पाय टाकला की ते मोडते. आभाळ जागच्या जागी असते. मोडते ते त्याचे प्रतिबिंब.

येथे मुलांचा एक घोटाळा होतो. ती सावलीलाही ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. सावली म्हणजे जेथे प्रकाश अडला ती जागा, तिला इंग्रजीत ‘शॅडो’ म्हणावयाचे. प्रतिबिंब प्रकाश परत फिरल्याने दिसते. सावलीत डोळे-नाक दिसत नाहीत, प्रतिबिंबात दिसतात. एवढी खूण सांगितली की पाचवीतले मूलही पुन्हा चुकत नाही.

खूण किंवा द्योतक

आता आरसा सोडून माणसांच्या व्यवहारात येऊ. ‘हर गुड हँडरायटिंग इज अ रिफ्लेक्शन ऑफ हर पेशन्स’ ह्या वाक्यात आरसा नाही, पाणीही नाही. एका गोष्टीवरून आत दडलेली दुसरी गोष्ट कळून येते, एवढाच भाव आहे. मराठीत ‘तिचे सुंदर अक्षर हे तिच्या चिकाटीचे द्योतक आहे’ असे म्हणता येईल. पण आपल्या घरातील बोलीला ‘अक्षरावरूनच तिची चिकाटी कळते’ हे अधिक शोभते. भाषांतर करताना नामाच्या जागी नामच आले पाहिजे, असा हट्ट धरू नये. इंग्रजी नामांवर भार देते, मराठी क्रियापदांवर चालते.

वर्तमानपत्रांत ह्या अर्थी ‘प्रतिबिंब’ सर्रास योजतात. समाजाचे प्रतिबिंब साहित्यात पडते, ही वाक्यरचना आता मराठीत रुळली आहे आणि ती वाईटही नाही. मात्र ‘वाढत्या किमती हे कमी पावसाचे प्रतिबिंब आहे’ असे वाक्य कानाला खटकते. तेथे ‘पाऊस कमी झाला, म्हणून किमती वाढल्या’ हे साधे बोलणेच बरे.

विचार व मनन

मन जेव्हा बाहेर धावण्याचे थांबवून झालेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहते, तेव्हाही इंग्रजीत ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक ह्याने १६९० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात माणसाच्या कल्पनांचे दोन उगम सांगितले. एक इंद्रियांना येणारा अनुभव, आणि दुसरा म्हणजे मनाने आपल्याच व्यापारांकडे पाहणे. ह्या दुसऱ्यास त्याने हाच शब्द दिला. एडमंड बर्क ह्याने १७९० साली फ्रान्समधील राज्यक्रांतीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातही हा शब्द अनेकवचनी आहे. तेथे त्याचा अर्थ ‘त्या विषयावरील विचार’ असा होतो.

मराठीत ह्यासाठी चिंतन, मनन, विचार असे शब्द आहेत, आणि त्यांत छटांचा फरक आहे. विचार पुढचाही असतो, मागचाही. मनन ऐकलेल्या किंवा वाचलेल्या गोष्टीचे होते. चिंतनात वेळ आणि शांतता अभिप्रेत आहे. ‘ऑन रिफ्लेक्शन’ हा इंग्रजी वाक्प्रचार मात्र अगदी व्यवहारातला आहे. त्याचा अर्थ ‘विचारांती’ किंवा ‘पुन्हा विचार करता’. ‘ऑन रिफ्लेक्शन, वी डिड नॉट सेल द फील्ड’ म्हणजे ‘पुन्हा विचार केला आणि शेत विकले नाही.’ त्यात पहिला बेत बदलला, ही सूचना दडलेली असते. कोणी ‘चिंतनावर आम्ही शेत विकले नाही’ असे लिहिले तर तो शब्दांचा नुसता ढीग झाला.

आम्हा शिक्षकांच्या शिक्षणात हा शब्द आता फार महत्त्वाचा झाला आहे. अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई ह्याने १९१० साली विचार करण्याच्या रीतीवर पुस्तक लिहिले आणि शाळेने मुलांना अशा मागे वळून, पारखून पाहणाऱ्या विचाराची सवय लावावी असे मांडले. आपल्याकडे २०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा वाचलेल्या मजकुरावर ‘रिफ्लेक्ट’ करण्याचा एक स्वतंत्र भाग अभ्यासक्रमात आला. सरावपाठासाठी आमच्या वर्गावर येणारे तरुण शिक्षक ह्यासाठी एक वही ठेवतात. त्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. पुष्कळांच्या वहीत ‘आज अपूर्णांक शिकविले, मुले शांत होती, फळा स्वच्छ होता’ असे लिहिलेले असते. हे प्रतिबिंब झाले, मनन नव्हे. ‘तिसऱ्या रांगेतील मुलाने छेद आणि अंश उलट का लिहिले, आणि आपण कोठे घाई केली?’ हा प्रश्न वहीत आला म्हणजे शब्दाचा खरा अर्थ कळला असे समजावे.

ठपका किंवा कमीपणा

आता तो अर्थ, जो आमच्या खिशातील कोशात नव्हता. समजा, मुलाने बाहेर उद्धटपणा केला. लोक म्हणतात, ‘आईबापांनी काय शिकविले?’ कृत्य मुलाचे, पण त्याचा डाग मागे फिरून घरावर पडला. हे जे दोषाचे मागे वळणे, त्यालाही इंग्रजीत ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात, आणि ज्याच्यावर तो डाग पडतो त्याच्या मागे ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ हे अव्यय येते. ‘हिज रूडनेस इज अ रिफ्लेक्शन ऑन हिज फॅमिली’ म्हणजे ‘त्याच्या उद्धटपणामुळे त्याच्या घराण्याला कमीपणा येतो.’ कोणावर असे डाग मुद्दाम टाकणे म्हणजे ‘टु कास्ट रिफ्लेक्शन्स’. त्याला आपल्याकडे ‘शिंतोडे उडविणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. ठपका ठेवणे, बट्टा लागणे, बोल लागणे, आक्षेप येणे, हे सर्व प्रसंगानुसार येथे चालतात.

हा अर्थ जुनाट किंवा केवळ पुस्तकी आहे असे कोणी समजू नये. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांपैकी ३५२ वा नियम सभासदाने बोलताना काय टाळावे ते सांगतो. सभागृहाने एकदा केलेल्या निर्णयावर, तो रद्द करण्याचा प्रस्ताव असल्याखेरीज, ‘रिफ्लेक्ट’ करू नये. तसेच उच्च अधिकारपदावरील व्यक्तींच्या वर्तनावर, रीतसर प्रस्ताव असल्याखेरीज, ‘रिफ्लेक्ट’ करू नये, असे त्यात म्हटले आहे. येथे आमच्या खिशातील कोशाचा अर्थ लावला तर लोकसभेने सभासदांना विचार करण्यास बंदी केली असे होईल! नियमाला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, दूषण देऊ नये, टीका करू नये.

एक बारकावा येथेच सांगून ठेवतो. क्रियापदाबरोबर ‘वेल’ आले तर डागाऐवजी शोभा येते. ‘द रिझल्ट रिफ्लेक्ट्स वेल ऑन द स्कूल’ म्हणजे ‘निकालाने शाळेचे नाव राखले.’ त्या जागी ‘बॅडली’ आले तर नाव गेले. आणि नुसतेच नाम, ‘अ रिफ्लेक्शन ऑन’ एवढेच, आले तर ते बहुधा दोषाचेच समजावे.

आता त्या पत्रातील ओळ पुन्हा वाचा. ‘नो रिफ्लेक्शन ऑन हिज वर्क.’ ह्या बदलीने त्यांच्या कामावर कसलाही ठपका येत नाही. लिहिणाऱ्याने गुरुजींचा मान राखण्यासाठी ती ओळ मुद्दाम घातली होती. आम्ही तिचाच अपमान करून त्यांच्या हातात ठेवला.

जोड शब्द शोधणाऱ्यांचे ऋण

इंग्रजी व मराठी शब्दांच्या जोड्या लावण्याचे काम आपल्याकडे सुमारे दोनशे वर्षे चालले आहे. मोल्सवर्थ ह्यांनी जॉर्ज व टॉमस ह्या कँडी बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. इंग्रजीवरून मराठीत येणारा कोश टॉमस कँडी ह्यांनी १८४७ साली पुरा केला. मधल्या काळात, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठीतले हे पहिले वृत्तपत्र, आणि त्यात एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. पत्राचे नावच आरसा. दोन भाषा समोरासमोर ठेवून एकीत दुसरीचे रूप दाखविण्याची ती खटपट होती.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली तेथे भाषा संचालनालय स्थापन झाले व निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश निघाले. शास्त्रात एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठरविणे योग्य आहे. तसे न केले तर प्रयोगाच्या वहीत गोंधळ होईल. परंतु शास्त्रातली ही शिस्त रोजच्या पत्रव्यवहारात चालत नाही. मोठ्या कोशात एका शब्दाखाली अनेक अर्थ आकडे घालून दिलेले असतात, ते जागा भरण्यासाठी नव्हे.

तीन-चार भाषांच्या घरात

आपल्या ह्या सीमाभागात मुलांच्या कानावर एकाच दिवसात तीन-चार भाषा पडतात. हे ओझे आहे असे काहींना वाटते. आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्या घरी उर्दू वळणाची दखनी बोलतात. तेथे आरशातल्या रूपाला ‘अक्स’, प्रकाशाच्या परत फिरण्याला ‘इनइकास’, खोल विचाराला ‘गौर’ किंवा ‘फिक्र’, आणि अब्रूवर येणाऱ्या डागाला ‘हर्फ’ म्हणतात. ‘घर की इज्जत पर हर्फ न आए’ हे आमच्या दादीच्या तोंडचे नेहमीचे वाक्य. हर्फ म्हणजे अक्षर. आणि अब्रूवर अक्षर उमटणे म्हणजे डाग लागणे. इंग्रजीतला जो अर्थ आम्हाला शाळेत अडला, तो घरात रोज ऐकू येत होता. दोहोंची सांगड घालून देणारा कोणी भेटला नव्हता, इतकेच.

कानडीतही पाहा. कानडी माध्यमाच्या पुस्तकात प्रकाशाच्या परावर्तनाला ‘प्रतिफलन’ म्हणतात. मराठी मुलाला ‘प्रतिफल’ म्हटले की मोबदला आठवतो, आणि कानडी शाळेतून आलेल्या मुलाला आपले ‘परावर्तन’ नवे वाटते. प्रतिबिंब मात्र दोहींकडे प्रतिबिंबच. आम्ही फळ्यावर चार रकाने पाडतो आणि मुलांकडूनच ते भरून घेतो. ज्या भाषेला एका इंग्रजी शब्दासाठी चार शब्द लागतात, तिच्या मुलाला त्या शब्दाचे चार अर्थ आपोआप वेगळे दिसू लागतात. आपल्या भाषा इंग्रजीच्या आड येत नाहीत, उलट उजेड धरतात.

ओळखावे कसे

हातच्या कंकणाला आरसा कशाला, अशी म्हण आहे. शब्दाचा अर्थही पुष्कळदा वाक्यातच डोळ्यांसमोर असतो. मागचे-पुढचे शब्द पाहावे. ह्या शब्दापुरत्या पाच खुणा अशा :

१. पुढे ‘ऑफ’ आणि नंतर ‘इन’ येऊन पाणी, आरसा, काच ह्यांपैकी काही असेल, तर प्रतिबिंब.

२. प्रकाश, ध्वनी, उष्णता, अक्ष, कोन असे शब्द शेजारी असतील, तर परावर्तन.

३. ‘अ रिफ्लेक्शन ऑफ’ असून पुढे गुण, स्वभाव किंवा परिस्थिती असेल, तर खूण किंवा द्योतक.

४. शब्दाच्या आधी ‘ऑन’, ‘आफ्टर’ किंवा ‘विदाउट’ असेल, तर विचार. आणि शब्द अनेकवचनी असून पुढे ‘ऑन’ व एखादा विषय असेल, तर त्या विषयावरील विचार.

५. शब्द एकवचनी, आधी ‘अ’ किंवा ‘नो’, पुढे ‘ऑन’ आणि त्यानंतर माणूस, काम, घराणे किंवा संस्था असेल, तर ठपका किंवा कमीपणा.

चौथ्या व पाचव्या खुणेत ‘ऑन’ आहेच. फसगत होते ती येथेच. तेथे घाई करू नये.

घरी करून पाहण्यासाठी

पुढील वाक्यांचे मराठी मुलांकडून करून घ्यावे. वडील मंडळींनीही हात लावण्यास हरकत नाही.

१. ‘शी सॉ हर रिफ्लेक्शन इन द वेल.’

२. ‘प्लीज डू नॉट टेक धिस ॲज अ रिफ्लेक्शन ऑन युवर ऑनेस्टी.’

३. ‘द व्हाइट वॉल कीप्स द रूम कूल बाय द रिफ्लेक्शन ऑफ सनलाइट.’

४. ‘ही साइन्ड द पेपर विदाउट रिफ्लेक्शन.’

५. ‘द क्लीन व्हिलेज इज अ रिफ्लेक्शन ऑफ इट्स पीपल.’

उत्तरे मुद्दाम देत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘तुमच्या प्रामाणिकपणाचा विचार’ असे कोणी लिहिले, तर त्याला वरची पाचवी खूण पुन्हा वाचावयास सांगावे. चौथे वाक्य लिहून झाल्यावर, सही करण्याआधी कागद वाचावा की नाही, ह्यावर घरात दोन शब्द बोलणे झाले तर उत्तमच.

पत्राचा शेवट

खरा अर्थ आम्हाला कळला तो काही महिन्यांनी, शहरातील एका ग्रंथालयात मोठा कोश चाळताना. त्याच वेळी गुरुजींना पत्र टाकावयास हवे होते. लाज वाटली, म्हणून टाकले नाही. आज-उद्या करता करता वर्षे गेली. ते निवृत्त होऊन निपाणीकडील आपल्या गावी राहतात असे कळल्यावर एका सुटीत शेवटी त्यांच्याकडे गेलो.

गुरुजींनी ओळखले. चहा झाला. आम्ही पत्राचा विषय काढताच ते आत गेले आणि पेटीतून ते पत्र घेऊन आले. घडीवर कागद विरला होता. आम्ही ती ओळ वाचली, शब्दाचा अर्थ सांगितला, आणि चूक आमची होती हेही सांगितले. ते रागावले नाहीत. कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “मास्तर, हे ती असताना सांगायला हवे होते तुम्ही. माझ्या कामाची कुणी कदर केली नाही, हे तिने शेवटपर्यंत मनाला लावून घेतले.”

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. थोड्या वेळाने त्यांनी पेन पुढे केले आणि म्हणाले, “खाली मराठीत लिहून द्या. नातवंडांनी वाचले तर त्यांना नीट कळेल.” त्या इंग्रजी ओळीखाली आम्ही लिहिले : ‘ह्या बदलीमुळे त्यांच्या कामास कोणताही कमीपणा येत नाही.’ गुरुजींनी ते एकदा मनात वाचले, एकदा मोठ्याने वाचले, आणि घडी करून पेटीत परत ठेवले.

तेव्हापासून कोणाचेही पत्र वाचून देताना एखादा शब्द अडला, तर ‘उद्या सांगतो’ असे म्हणावयास आम्ही लाजत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी पत्र वाचून दाखविणारे शिकलेले मूल असेल, त्यांनी त्यालाही एवढी मोकळीक द्यावी, अशी विनंती करून हा पाठ संपवितो.